साठ ग्रॅम

मासा साफ करायला शिकून मापाड्यांना अकरा आठवडे झाले होते, पण अजून एकही मासा त्यांच्या हाताखालून मुकाट्याने गेला नव्हता. कधी खवले भिंतीवर उडायचे, कधी चष्म्यावर. एकदा तर एका खवल्याने त्यांच्या भुवईत दोन दिवस मुक्काम ठोकला होता आणि शेवटी पोस्टातल्या कारकुनाने तो दाखवून दिला. आज मात्र खवले उडवण्याइतकाही जोर हातात नव्हता. त्यांनी सुरी खाली ठेवली, ओट्याला पोट टेकलं आणि नळाकडे बघत उभे राहिले. पोट टेकलं ही आपली म्हणायची पद्धत. टेकायला पोट तरी कुठे उरलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते.

आतल्या खोलीत बायको पाय स्टुलावर ठेवून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात ती रुसली नव्हती असं नाही, पण तिच्या रुसण्याला आवाज असायचा. भांडी आपटायची, कपाटाची दारं बोलायची. आज घरात नुसता नळ गळत होता, आणि तोही मापाड्यांनीच दुरुस्त करायचा राहिला होता.

मापाडी हे काही त्यांचं नाव नव्हे, धंदा. धान्याच्या एका मोठ्या गोदामात छत्तीस वर्षं त्यांनी काटा सांभाळला. पोत्यामागून पोतं काट्यावर चढायचं, मापाडी वजन मोठ्याने पुकारायचे, आणि मालाचा धनी ‘मान्य’ म्हणाला की मगच पोतं खाली उतरायचं. धनी गप्प राहिला तर पोतं तिथेच, मग मागे कितीका गाड्या खोळंबेनात. गोदामाचा हा नियम मापाड्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही मोडला नाही. लोक त्यांना पाठीमागे ‘काटेकोर’ म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं.

पण त्यांचा खरा दरारा होता तो पाण्यावरून. धान्यावर पाणी शिंपडून वजन वाढवणारे बहाद्दर कुठे नसतात? मापाडी कोपरापर्यंत हात पोत्यात घालत, मूठभर दाणे नाकाशी नेत आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, “धान्य विकायला आलायस का पाणी?” समोरचा मान खाली घालून पोतं परत न्यायचा. मग घरी येऊन ही गोष्ट जेवताना बायकोला सांगायची, आणि तिने जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशा चेहऱ्याने ‘मग?’ म्हणायचं, ही त्या घरातली वर्षानुवर्षांची करमणूक होती.

त्याच बायकोच्या पायावर अकरा आठवड्यांपूर्वी उकळतं पाणी सांडलं. सांडलं ते सांडलं, पण तिला कळलंच नाही. संध्याकाळी मोजा काढताना तळहाताएवढा फोड दिसला तेव्हा दोघं घाबरले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली होती, आणि ती आजची नव्हे, कैक वर्षांची असणार; पायातली जाणीव कमी झाली होती, नजर अंधुक झाली होती. “घाव भरायला हवा असेल तर साखर खाली आलीच पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “नाही भरला तर काय, ते आज बोलत नाही.” जे ते बोलले नाहीत तेच दोघं बरोबर घेऊन घरी आले. शिवाय रोज रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिनचं एक इंजेक्शन, आणि उभं राहून करायची सगळी कामं बंद.

असा ओटा मापाड्यांच्या वाट्याला आला. ज्या माणसाला आपल्या घरात चहापत्ती कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नव्हतं, तो आता मासा रांधणार होता. पण आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद हातात ठेवला आणि तो वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळ-दुपारला पाव मोजून आणि भाजी. रात्रीला मासा शंभर ग्रॅम, अख्खं धान्य साठ ग्रॅम, तेल एक चमचा, पालेभाजी हवी तेवढी. ग्रॅम! ही भाषा तर त्यांना झोपेतसुद्धा येत होती. गोदामात पावत्या तारेवर टांगत. तशीच एक तार त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला बांधली, कागदाची वरची कड नीट दुमडून त्यावर टाकली आणि चिमटा लावला. छोटा काटा आणला. ओळखीच्या माणसाकडून दहा किलो जव आणले, अर्थात कोपरापर्यंत हात घालून आणि वास घेऊन. तीन किलोचा डबा भरला, उरलेल्या पोत्याचं तोंड आपल्या खास गाठीने बांधलं आणि ते ओट्याखाली सरकवलं.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरून गेला. पहिल्या दिवशी त्यांनी चार मुठी जव शिजत घातले आणि पातेलं काठोकाठ भरलं. दाणा एवढा फुगतो याचं त्यांना नवल वाटलं. मग अनुभवाने कळलं की एक मूठ टाकली की दोघांचं भागतं. जव मऊ शिजले की रिकामी ताटली काट्यावर ठेवायची, तिचं वजन वजा करायचं (मापाडी ताटलीचं वजन विसरले तर सूर्य पश्चिमेला उगवायचा) आणि चमच्याचमच्याने शिजलेले जव घालत जायचे. आकडा बरोबर आला की मोठ्याने पुकारायचं, “साठ!” सवयच ती. आतून उत्तर यायचं नाही, आणि तेही वाट बघायचे नाहीत. दुसरी ताटली त्यांची, तीही साठाचीच. बायकोने मोजून खायचं आणि नवऱ्याने ढीग हाणायचा, हे त्यांच्या मनाला पटलं नाही. पातेल्याला चिकटलेलं चमचाभर उरायचं, ते खिडकीत चिमण्यांना. चिमण्यांना तेवढं माप नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली, “अहो, पोट नाही भरत.”

“कागदावर साठ आहे,” मापाडी म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “पाल्याने भूक मरत नाही हो.”

“कागदावर साठ आहे.”

तिसऱ्या आठवड्यात ती काहीच म्हणाली नाही, आणि मापाड्यांनी समजून घेतलं की झाली सवय.

पायाचा घाव हळूहळू भरत आला, पण सकाळची साखर काही वठणीवर येईना. रोज उठल्याबरोबर मापाडी तिच्या बोटाला सुई टोचून आकडा बघायचे. दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी उसळलेला. आपलं माप तर चोख, मग ही साखर येते कुठून? महिन्यापूर्वी त्यांनी कडक उपाय केला, साठाचे पन्नास केले. आकडा आणखीच उसळला. मापाड्यांना छत्तीस वर्षांचा अनुभव होता. माप चोख असून हिशेब जुळत नाही याचा अर्थ एकच, कुठेतरी चोरी आहे.

आणि आज सकाळी ती सापडली. धुवायला टाकताना तिच्या लोकरी जाकिटाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांचे चुरगळलेले कागद निघाले. एक नाही, दोन नाही, चौदा. मापाड्यांनी ते टेबलावर एका रांगेत मांडले आणि तिला बोलावून दाखवले.

“मी इथे अकरा आठवडे मरमर मरतोय,” ते म्हणाले, “आणि तू घरातच चोरी करतेस? चोर कुठली!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं, पण तोंडातून सुटलेलं वजन परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. तिने एकदा कागदांकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि लंगडत आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

उद्या सकाळी नऊला डॉक्टरांकडे जायचं होतं. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, सकाळची साखर अशीच राहिली तर इन्सुलिन वाढवावं लागेल. मापाड्यांनी दुपारी पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं की आपणच सांगायचं, वाढवा. चोरी थांबत नसेल तर पहारा तरी वाढवायला हवा. कूस वळायचाही कंटाळा यावा इतके ते थकले होते, आणि थकलेला माणूस निर्णय फार लवकर घेतो.

तर आता त्यांनी पुन्हा सुरी उचलली. माशाचे दोन तुकडे केले, शंभर शंभर ग्रॅमचे. तिच्या तुकड्यातले काटे त्यांनी बोटांनी चाचपून एकेक करून काढले, कारण तिला ते दिसत नसत. राग होता तरी हे काम चुकवलं नाही. लसूण ठेचली, मिरपूड घातली, लिंबू पिळलं आणि तुकडे झाकून ठेवले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली होती. हातात मापाड्यांची पँट.

“काका, कंबर आणखी दोन बोटं आत घेतली. ही तिसरी वेळ. आता पुढच्या खेपेला मागचे दोन्ही खिसे एक होतील, आधीच सांगून ठेवते.”

“वय झालं,” मापाडी म्हणाले.

“वय झाल्यावर माणूस असा वाळतो होय? माझे सासरे तर फुगत चाललेत.” बोलता बोलता ती आत आली आणि टेबलापाशी थबकली. “हे काय मांडून ठेवलंय?”

“पुरावा.”

तिने आतल्या खोलीकडे बघितलं. काकूंची पाठ दिसली. मग ती मापाड्यांना जवळजवळ ढकलतच स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “काका, त्या गोळ्या मीच दिल्यात.”

“तू?”

“काकूंनी शपथ घातली होती. शपथ गेली खड्ड्यात. जेवण झालं की त्या माझ्याकडे मालिका बघायला येतात ना? दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा-चारदा तरी मालिका निम्मी होते न होते तोच त्यांना दरदरून घाम फुटतो. हात असे कापतात की पाण्याचा पेला धरवत नाही. परवा तर घटकाभर मला ओळखलंच नाही. गोळी तोंडात टाकली की जरा वेळाने माणसात येतात. मग भूक, भूक करतात आणि आणखी चार-पाच खातात.”

“मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं त्यांना, काकांना सांगा. तर म्हणाल्या, नको. दिवसभर ओट्याशी उभे असतात बिचारे, त्यांना वाटेल माझ्याच स्वयंपाकाने झालं.”

शिवणवाली गेली. मापाडी दार लावून तिथेच उभे राहिले. घाम, थरथर, समोरचं माणूस न ओळखणं. आहारतज्ज्ञ बाईंनी बोटांवर मोजून सांगितलं होतं की ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं, ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं, वेळ घालवला तर माणूस बेशुद्ध पडतं. मापाड्यांनी मान डोलावली होती. पण त्यांची सुई फक्त सकाळची. रात्रीची साखर त्यांनी एकदाही बघितली नव्हती. रात्री ती पाताळात जात होती, मग गोळ्यांनी वर चढत होती, आणि सकाळचा तो चढलेला आकडा बघून ते तिचं जेवण कमी करत होते.

आणि उद्या ते इन्सुलिन वाढवून मागणार होते.

टेबलापाशी खुर्ची ओढून ते बसले. उद्या डोस वाढला असता, उद्या रात्री शिवणवालीकडे पाहुणे असते, किंवा बायको गोळी शोधायला उठली असती आणि तेवढ्यात... पुढचं त्यांनी मनातसुद्धा म्हटलं नाही. त्यांना भीती वाटली, चांगलीच वाटली, पायावरच्या त्या फोडाच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त.

पण मग साखर खाली जाते कशाने? धान्य तर मापात जातंय. साठ ग्रॅमवर डॉक्टरांनी इंजेक्शन बेतलं होतं. बरं, आपण पन्नास केलं ते महिन्यापूर्वी; शिवणवालीचं म्हणणं त्याच्याही आधीपासूनचं दिसतंय. विचार करकरून डोकं शिणलं, आणि डोकं शिणलं की हात आपोआप ठरलेल्या कामाला लागतात. मापाडी उठले, जवाचा डबा उघडला आणि मूठ घातली. बोटं तळाला लागली. डबा संपला होता.

त्यांनी वाकून ओट्याखालचं पोतं ओढलं. तोंडाला त्यांची स्वतःची गाठ तशीच होती, अकरा आठवड्यांपूर्वी बांधलेली. एकदाही सुटलेली नव्हती.

गाठीवर हात ठेवून ते थांबले. डबा तीन किलोचा. दोघांचे मिळून रोजचे एकशेवीस ग्रॅम. म्हणजे डबा पंचवीस दिवसांत संपायला हवा. आणि तो आज, सत्त्याहत्तराव्या दिवशी, पहिल्यांदा संपला. पोत्यात जिथे जेमतेम पाऊण किलो तळाला उरायला हवे होते तिथे सात किलो जव जसेच्या तसे बसून होते.

गोदामाचे जुने साहेब दर वर्षाच्या मोजणीला एक वाक्य म्हणायचे, आणि मापाड्यांनी ते नव्या माणसांना शंभरदा ऐकवलं होतं. “तूट निघाली तर चोर बाहेर शोधा. माल जास्त निघाला तर चोर काट्यावर बसलाय.”

काट्यावर तर तेच बसले होते.

मग त्यांनी सकाळच्या भाजीशेजारी झाकून ठेवलेल्या, कालच्या चमचाभर जवांकडे बघितलं. चिमण्यांना घालायचे राहिलेले. एक दाणा उचलून बोटांत दाबला. दाणा फुटला आणि बोटं ओली झाली. पाणी. मूठभर दाणा शिजून तिप्पट होतो, आणि तिपटीतले दोन वाटे पाण्याचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोत्यातलं पाणी नाकाने ओळखणाऱ्या माणसाने आपल्या घरी पाणी काट्यावर चढवलं होतं आणि धान्य म्हणून पुकारलं होतं. साठ म्हणून वीस. महिनाभर तर त्याहूनही कमी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ते भिंतीपाशी गेले. चिमटा काढला, तारेवरचा कागद उतरवला आणि दुमडलेली कड उलगडली. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘सर्व वजने शिजवण्यापूर्वीची आहेत.’

ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांना रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, आणि भयंकर थकवा आला. हा थकवाही वयाचा नव्हता, हे त्यांना आत्ता कुठे उमगत होतं. कंबर तीनदा आत घेतली ती शिवणवालीने, पण कारण या घरातल्या दोन ताटल्या होत्या.

कागद घेऊन ते आतल्या खोलीत गेले. ती तशीच बसली होती. ते तिच्या स्टुलापाशी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

“माप चुकलं,” ते म्हणाले.

तिने मान वळवली नाही.

“ते साठ कच्च्या दाण्याचे होते. मी शिजलेले मोजत होतो. तुला तिसरा हिस्सा वाढत होतो रोज. त्यात भर म्हणून कपात केली.” कागद त्यांनी तिच्यापुढे धरला, मग तिला बारीक अक्षर दिसत नाही हे आठवून ती ओळ वाचून दाखवली. “तुला घाम फुटायचा, हात कापायचे, ते साखर खाली जाऊन. शिवणवालीने सांगितलं सगळं. तिला बोलू नकोस.”

नळाचे थेंब ऐकू येत होते. मग ती हळूहळू त्यांच्याकडे वळली.

“म्हणजे अकरा आठवडे तुम्ही मला पाणी विकलंत,” ती म्हणाली.

दुसऱ्या कुठल्या दिवशी या वाक्यावर मापाडी पोट धरून हसले असते. आज त्यांनी फक्त मान हलवली.

“सकाळी मी तुला चोर म्हणालो.”

“म्हणालात.”

“चोर मी होतो.”

“तुम्हीही तेवढंच खात होतात. चोराने माल नेला कुठे मग?”

“सगळा पोत्यातच आहे. सात किलो.”

“मग कसला हो चोर! धड चोरीसुद्धा जमत नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण तो शब्द लागलाय मला. सांगून ठेवते. आज उतरायचा नाही तो.”

“नको उतरू दे,” मापाडी म्हणाले. “पण इतकी भूक लागायची तर बोलली का नाहीस?”

“दोनदा बोलले. तुम्ही कागद दाखवलात. कागदाशी कोण डोकं फोडणार? डॉक्टरांसमोरही तुम्हीच बोलता, मी आपली पाय दाखवायला.” तिने जाकिटाची बाही ओढली, सोडली. “आणि एक सांगू? चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ताट वाढून माझ्या पुढ्यात आणत होतं. माशाचे काटे काढून. ते कमी पडतंय असं किती वेळा तोंडाने म्हणायचं माणसाने?”

मापाड्यांनी तिच्या पायावरची पट्टी सरळ नव्हती ती सरळ केली, स्टुलाला धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

पोत्याची गाठ सोडायला वेळ लागला, बोटं साथ देत नव्हती. वाटी काट्यावर ठेवली, तिचं वजन वजा केलं आणि कोरडे जव घालायला सुरुवात केली. वीसला तर वाटीचा तळ झाकला होता फक्त. रोज एवढंच. ते घालत राहिले. चाळीस. पन्नास. मग दाणा दाणा करत आकडा जागेवर आला.

“साठ!” त्यांनी पुकारलं.

आतून काही आलं नाही. रोजही येत नसे. पण आज त्यांनी वाटी उचलली नाही. काट्यासमोर हात बाजूला घेऊन ते उभे राहिले, गोदामात उभे राहायचे तसे.

“ऐकू नाही आलं,” आतून ती म्हणाली.

“साठ.”

“कच्चे ना?”

“कच्चे.”

वाटी काट्यावरच होती.

“मान्य,” ती म्हणाली. “आणि माशाला जरा मीठ लावा. मी आजारी आहे, मेले नाही अजून.”

जव शिजायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी पालेभाजी परतली, चमचाभर तेलावर मासा झाकून मंद आचेवर ठेवला आणि उद्या डॉक्टरांना काय सांगायचं ते मनात म्हणून बघितलं. ‘माप माझं चुकलं’ हे चार-पाच वेळा म्हटल्यावर बरंचसं सोपं गेलं. रात्रीची साखर, घाम, थरथर हे सगळं तिलाच सांगू द्यायचं, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, असंही ठरवलं. जेवणाआधी त्यांनी तिचं बोट टोचून आकडा बघितला, मग ठरलेलं इंजेक्शन दिलं.

मग ताट आणलं. एका बाजूला मासा, एका बाजूला पालेभाजी, आणि मध्ये जवांचा ढीग, वाफाळता, ताटाची नक्षी झाकून टाकणारा. तिने डोळे बारीक करून बघितलं. चमच्याने ढीग एका बाजूने उकरून पाहिला, जणू खाली दुसरंच काही असेल.

“हे एवढं सगळं माझं?” तिने विचारलं.

“तुझंच होतं,” मापाडी म्हणाले. “रोज.”

ती जेवायला लागली, आणि निम्मं ताट संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.